टेकडीवरची दुपार

"श्वास भर," फ्रोसिना म्हणाली.

"भरलाय की."

"भरलास? मग टेप हलली कशी नाही?"

तिच्या नवऱ्याने, अबुंदिओने, पुन्हा जोर केला. खांदे पार कानांपर्यंत नेले, गाल फुगवले, डोळे वटारले. फ्रोसिनाच्या बोटांतली टेप जेमतेम सरकली.

"गाल कशाला फुगवतोस, म्हाताऱ्या? झगा गालांना शिवत नाहीये मी."

"तूच म्हणालीस भर. जिथं जागा मिळाली तिथं भरला."

ती हसली, पण आकडा मनातून जाईना. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की शहराच्या इस्तापालापा भागातल्या त्यांच्या वस्तीतले निम्मे जांभळे झगे तिच्याच मशीनवर शिवले जात. गुड फ्रायडेला क्रूस वाहणाऱ्या प्रत्येकाची ती छातीची दोन मापं घेई, एक रिकामी आणि एक भरलेली. तिच्या आईची तशी शिकवणच होती. क्रूसाखाली माणूस दुप्पट श्वास घेतो. एकाच मापावर शिवलंस तर पहिल्या चढावरच शिवण उसवेल, असं ती म्हणायची. वहीत गेल्या वर्षी अबुंदिओच्या नावापुढे होतं: अठ्ठ्याण्णव, एकशे तीन. आज अठ्ठ्याण्णव आणि जेमतेम साडेनव्व्याण्णव. माणूस तोच, टेप तीच. मग साडेतीन सेंटिमीटर गेले कुठे?

गेल्या वर्षीच्याच मापावर तिने कापड बेतलं. कमी माप कापडावर उमटवायला तिचा हात धजला नाही.

नऊ वर्षांपूर्वी फ्रोसिनाच्या पोटात पू झाला होता. डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा अबुंदिओ इस्पितळाच्या फरशीवर गुडघे टेकून नवस बोलला होता. ती उठली. त्या वर्षापासून दर गुड फ्रायडेला तो जांभळा झगा घालून, अनवाणी, अठ्ठेचाळीस किलोंचा क्रूस खांद्यावर घेऊन हजारो जणांबरोबर त्या भागातल्या आठही वस्त्या फिरायचा आणि तिसऱ्या प्रहरी ताऱ्याच्या टेकडीवर चढायचा. एरवी तो मिक्रो चालवी, म्हणजे एर्मिता रस्त्यावरून दिवसाला सहा फेऱ्या करणारी, ब्रेक लावला की सगळ्या खिडक्या थरथरणारी ती छोटी बस. तेवीस वर्षं त्याच रस्त्यावर गेली. फ्रोसिना आजारातून उठल्यापासून रोज उजाडण्यापूर्वी जपमाळ ओढी आणि शुक्रवारी फक्त पाणी न् भाकरी घेई. कुणाला सांगत नसे. देवाने दिलेलं आयुष्य आहे, ते जरा जपून वापरावं, एवढंच तिचं म्हणणं.

दोन महिन्यांपासून अबुंदिओ सरावाला लागला होता. पहाटे साडेपाचला, कामावर जाण्याआधी, खांद्यावर लाकडी तुळई घेऊन एर्मिताच्या कडेकडेने मेट्रोच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचा. त्या वेळी थंडी असते, आणि धूर जमिनीलाच चिकटून असतो. मालट्रक आणि मिक्रो सगळ्या एकदमच सुरू होतात. परत आला की त्याच्या रुमालात काळं असायचं. फ्रोसिना ते रुमाल वेगळे भिजवायची. पाणी तीनदा बदललं तरी करडं ते करडंच.

माप घेतलं त्या संध्याकाळी तिने ठरवलं.

"उद्यापासून पहाटे रस्त्यावर जायचं नाही."

"मग काय खाटेवर तुळई घेऊन पडू?"

"दोनला सुटतोस ना? तीनला टेकडीवर जा. वर झाडं आहेत, मोकळी हवा आहे, गाडी एक नाही. आणि चढही त्याच वाटेचा. पायांना सवय होईल."

त्याने डोकं खाजवलं. बायकोचं बरोबर असलं की तो असंच करी. "उन्हात?"

"प्रभू काय चांदण्यात चढला होता?"

दुसऱ्या दिवसापासून रोज तीनला तो टेकडीवर जाऊ लागला. सुरुवातीला चार-पाच दिवस फ्रोसिना पाण्याची बाटली घेऊन बरोबर गेली. वाटेवर हाकारांदाच्या झाडांची जांभळी फुलं पडलेली, आभाळ निळं, वारा नाही. वर धुराचा वाससुद्धा नव्हता. आपण नवऱ्याला त्या घाणीतून बाहेर काढलं, या विचाराने तिला समाधान वाटलं. रुमालही स्वच्छ निघू लागले.

खोकला मात्र वाढला. आधी कोरडा, नुसता घसा साफ केल्यासारखा. मग जिना चढताना. मग बोलताना, वाक्याच्या मधेच. डोळे लाल, छातीत जळजळ. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, तोंडात मारायचा फवारा दिला, आराम करा म्हणाल्या. अबुंदिओने फवारा खिशात टाकला आणि आराम ईस्टरनंतरचा ठरवला.

"काय कोंपाद्रे," फिदेन्सिओ दारातूनच ओरडला. तो शेजारचा सुतार, त्यांच्या थोरल्या लेकीचा धर्मपिता, म्हणून अबुंदिओला कोंपाद्रे म्हणे. झगा न्यायला आला होता. "तुमच्या मिक्रोसारखं वाजायला लागलंय की छातीत! एकदा तपासणी केंद्रावर नेऊन धूर मोजून घ्या."

"माझी मिक्रो पास होते."

"होते, होते. कशी होते ते सबंध गल्लीला ठाऊक आहे."

दोघे हसले. हसता हसता अबुंदिओला जी ढास लागली ती थांबेना. फिदेन्सिओचं हसू विरलं. त्याने झगा घडी घालून काखेत मारला आणि जाताना फ्रोसिनाकडे नुसतं बघितलं.

फ्रोसिनाला वाटलं, आपल्याच प्रार्थनेत काही उणं राहिलंय. तिने रात्रीची पोळी सोडली. जपमाळेच्या आणखी दोन फेऱ्या वाढवल्या. आणि रोज तीन वाजता नवऱ्याच्या हातात पाण्याची बाटली देऊन त्याला टेकडीवर धाडत राहिली.

पाम संडेच्या आधीच्या शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या बरोबर आठवडाभर आधी, तिची भाची युरिदिया आली. शहरभर इमारतींच्या गच्च्यांवर हवा मोजायची यंत्रं बसवली आहेत, त्यांच्या गाळण्या बदलत फिरायची तिची नोकरी. शिळ्या पावाचा, गुळाच्या पाकात भिजवलेला, वर चीज घातलेला उपवासातला गोड पदार्थ तिला मावशीच्याच हातचा लागे.

"काका कुठायत?"

"टेकडीवर. सरावाला."

"आत्ता?" युरिदियाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन झाले होते. "रोज याच वेळी?"

"रोज. मीच धाडते. पहाटे त्या एर्मिताच्या धुरात मरत होता बिचारा. वर हवा चांगली आहे."

युरिदियाने चमचा खाली ठेवला. "मावशी, वर्षातला सगळ्यात वाईट महिना, दिवसातली सगळ्यात वाईट वेळ, आणि त्यात ती टेकडी. मुद्दाम शोधायला बसली असतीस तरी इतकं नेमकं सापडलं नसतं."

"गंमत करतेस?"

"नाही गं."

"धूर तर रस्त्यावर असतो पोरी. वर वाससुद्धा येत नाही."

"तेच तर. सकाळी हवा गार असते, खाली बसते. तिच्यावर उबदार हवेचं झाकण. त्या झाकणाखाली सगळ्या गाड्या धूर ओततात, तो तुला दिसतो, नाकात जातो, रुमालाला लागतो. मग ऊन चढतं, झाकण निघतं, आणि तोच धूर उन्हात शिजायला लागतो. शिजून ओझोन होतो. तो दिसत नाही, रुमाल काळा करत नाही, पण छाती आतून भाजतो. दुपारी दोन ते पाच सगळ्यात जास्त. रस्त्यावरचा ताजा धूर निदान त्याला थोडा खातो तरी. टेकडीवर त्याला खाणारं कुणी नाही."

फ्रोसिना पाकाचं भांडं पुसत राहिली. युरिदियाला वाटलं मावशीला कळलं नाही. "हे बघ, मिरची भाजतेस स्वयंपाकघरात. ठसका कुणाला लागतो? गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीला. तसं."

"मला कळलं," फ्रोसिना हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर स्वच्छ रुमाल आले. एका ओळीत, दोरीवर, पांढरेशुभ्र. पंधरा दिवस ती ते बघून देवाचे आभार मानत होती.

"मग जाऊ तरी कधी?"

"पहाटे. पण रस्त्यावर नाही, टेकडीवर. धूर झाकणाखाली राहतो, खाली. आणि ऊन नाही म्हणजे शिजलेलं काही नाही. पण मी तर म्हणेन, यंदा जाऊच नका."

"गुड फ्रायडेला गाड्या नसतात," फ्रोसिना घाईघाईने म्हणाली. "अर्धं शहर समुद्रावर जातं. रस्ते मोकळे असतात. तेव्हा तरी..."

"गाड्या कमी झाल्या म्हणून ऊन कमी होत नाही, मावशी. डोंगरांच्या या वाडग्यात आधीचं साचलेलं आहेच. कितीतरी सुट्ट्यांच्या दिवशी आमचे आकडे उतरतच नाहीत. वारा सुटायला हवा. नाहीतर पाऊस. दोन्हींचं चिन्ह नाही."

आणि मिरवणूक टेकडीला लागते ती बरोबर तीन वाजता.

त्या संध्याकाळी फ्रोसिनाने नवऱ्याला सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी. तो रागावला नाही. उलट तिचा हात थोपटत म्हणाला, "तुला काय माहीत? मला तरी कुठं माहीत होतं? तेवीस वर्षं धुरातच आहे की."

"मग गुड फ्रायडेला पहाटे चढ. सहाला. मी येते बरोबर. क्रूस तोच, टेकडी तीच."

"आणि दुपारी सगळे चढतील तेव्हा मी खिडकीत बसून बघू? प्रभू भर दुपारी चढला, मी सावली बघून जाऊ?"

"पाद्रेंना विचारलं मी. म्हणाले, नवसात काय बोललात तेवढंच बांधलेलं असतं. वेळ बोलला होतास का तू?"

अबुंदिओ खाटेच्या कडेवर बसला. नऊ वर्षांत त्याने नवसाचे शब्द तिला सांगितले नव्हते, तिनेही विचारले नव्हते.

"ती श्वास घेतेय तोवर," तो म्हणाला, "दर गुड फ्रायडेला क्रूस टेकडीवर नेईन. असं बोललो होतो. वेळ नाही बोललो. पण पहिल्या वर्षी गेलो तो सगळ्यांबरोबर, दुपारी. आणि तू बरी होत गेलीस. आता मी त्यात एक धागा इकडचा तिकडं केला आणि तुला काही झालं, तर? मी कुठं जाऊ?"

फ्रोसिनालाही तीच भीती होती. नवस हा तिच्या लेखी बोलायचा शब्द नव्हता. तिच्या अंगातलं रक्तच त्यावर फिरत होतं.

टेकडीवरचा सराव त्याने बंद केला, एवढं मात्र ऐकलं. सोमवारपासून फ्रोसिना दर तासाला अंगणात येऊन आभाळाकडे बघू लागली. वाळत घातलेल्या झग्यांची बाही हलते का, हेच तिचं वाऱ्याचं यंत्र. मंगळवारी दुपारी एक बाही जराशी हलली. तिने छातीवर क्रूसाची खूण केली. तेवढ्यात झग्याखालून शेजाऱ्यांचं मांजर बाहेर आलं.

गुरुवारी दुपारी युरिदियाचा फोन आला. "हवेची आणीबाणी लावली. ओझोनचा आकडा वर गेला. उद्या गाड्यांवर बंदी, आणि एक ते सात बाहेर श्रमाचं काही करू नका म्हणतायत."

"ते कुणाला सांगतेस पोरी," फ्रोसिना म्हणाली. "इथं लाखो माणसं चढायची आहेत."

गुड फ्रायडे स्वच्छ उजाडला. एर्मितावर कुत्री निवांत झोपली होती. "बघ," अबुंदिओ झग्यात हात घालत म्हणाला, "एक गाडी नाही. तुझ्या भाचीला म्हणावं, आज सुट्टी घे." झगा छातीवर सैल पडला होता. फ्रोसिनाने मागून दोन टाके घालून तो आवळला आणि दोरा दाताने तोडताना तिचे ओठ त्याच्या पाठीला टेकले. आतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

वस्त्या फिरेपर्यंत तो चालला. प्रत्येक वळणावर ती पुढे जाऊन थांबे, त्याचं तोंड बघे, पाणी पाजे, फवारा तोंडाशी धरी. मिरवणुकीच्या पुढे क्रूसारोहणाच्या नाटकातला ख्रिस्त पडत होता, उठत होता. बायका रडत होत्या. शिपायांची घोडी फुरफुरत होती. फ्रोसिनाचं कशाकडे लक्ष नव्हतं. ती नवऱ्याचे श्वास मोजत होती. माळेच्या एका मण्याच्या प्रार्थनेत आधी दोन श्वास बसत, मग तीन, मग चार.

तीनला टेकडी सुरू झाली. पान हलत नव्हतं. समोरचे डोंगर असायला हवे होते तिथे नुसता फिकट पडदा होता. पहिलं वळण त्याने घेतलं. दुसऱ्या वळणाला थांबला.

"काय कोंपाद्रे," मागून आपला क्रूस ओढत फिदेन्सिओ आला, "इथंच घर बांधायचा विचार आहे का?" मग त्याला तो चेहरा दिसला. ओठ झग्याच्या रंगाचे झाले होते.

फ्रोसिनाने लाकडावर हात ठेवला. "ठेव."

अबुंदिओने नकारार्थी मान हलवली. बोलायला हवा नव्हती. बऱ्याच वेळाने म्हणाला, "शुक्रवार... आहे आज."

"मला वार कळतो."

"मी ठेवला... तर तू..."

"मला काय व्हायचं ते होईल." तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, फिदेन्सिओला ऐकायला वाकावं लागलं. "ज्याने मला श्वास दिला त्याला माहीत आहे मी कुठं राहते. तो मला विचारील, मी उत्तर देईन. तुझा श्वास गेल्यावर मी माझ्या श्वासाचं काय करू? ठेव म्हणते ना."

अबुंदिओच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते ओझोनचं होतं की कशाचं, कोण सांगणार? त्याने गुडघे वाकवले. फिदेन्सिओने आपला क्रूस बाजूला टेकवला आणि दोघांनी मिळून त्याच्या खांद्यावरचं लाकूड उतरवून एका घराच्या भिंतीशी उभं केलं. त्या घरातली म्हातारी दारात भाकऱ्या थापत बसली होती. "राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली, "मी काही तो चुलीत घालत नाही."

खाली येताना मिरवणूक त्यांच्या अंगावरून वर जात होती. हजारो जांभळे झगे, आणि त्यांच्यातून उलट चालणारी ही दोघं. कुणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं, असं फ्रोसिनाला वाटलं.

घरी आल्यावर फवारा, गरम पाणी, तीन उश्या. अंधार पडेतो त्याचे ओठ पूर्ववत झाले. मग फ्रोसिनाची स्वतःची तपासणी सुरू झाली. पोटावरच्या जुन्या टाक्यापाशी काहीतरी टोचत होतं. कधीपासून? दुपारपासून की आत्ताच? तिने कपाळाला हात लावला. गरम वाटलं, मग दुसऱ्या हाताने पाहिलं तर तोही गरम. अबुंदिओ खाटेवरून टक लावून बघत होता.

"काय होतंय?"

"काही नाही. माशी बसली होती."

रात्रभर ती त्याच्या छातीतली शिट्टी ऐकत राहिली, तो तिचं कपाळ चाचपत राहिला.

शनिवारी पाचला तिने त्याला उठवलं. "चल. राहिलंय ते करू."

"शनिवार आहे."

"माहीत आहे. शनिवारचं शनिवारी सांगू देवाला."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, तिचा हात हातात घेतला, थंड आहे की गरम ते बघितलं, आणि उठला. झगा नाही, साधी कामाची पँट. दुसऱ्या वळणावरच्या त्या घराच्या भिंतीशी क्रूस तसाच उभा होता, म्हातारीने त्यावर रात्रीचं दव नको म्हणून पोतं टाकलं होतं. फ्रोसिनाने मागचं टोक उचललं. तो नको म्हणाला नाही.

हळूहळू, दर वीस पावलांवर थांबत, ते चढले. हवा गार होती. तिसऱ्या वळणानंतर तिच्या लक्षात आलं की त्याची शिट्टी ऐकू येत नाहीये. येत असेल, पण पायांच्या आवाजाखाली. ती मोजायला लागली. एका मण्यात दोन श्वास. पुन्हा मोजलं. दोनच.

माथ्यावर कालच्या गर्दीचे कागद, बाटल्या, सुकलेली फुलं पडली होती. त्यांनी क्रूस जमिनीवर ठेवला. दोघंही गुडघ्यांवर बसले. प्रार्थना कुठली म्हणायची ते ठरत नव्हतं. उशिरा आलो म्हणून माफी मागायची की पोचलो म्हणून आभार मानायचे. फ्रोसिनाने दोन्ही केलं.

"धरेल का देव हे?" अबुंदिओने विचारलं.

इथं, देवासमोर, खोटं बोलणं तिला जमेना. "मला नाही माहीत."

"तुला टोचतंय ना? काल बघितलं मी."

"थोडं."

"आत्ता?"

तिने पोटावर हात ठेवून वाट पाहिली. "आत्ता कळत नाही. चढून आले ना, सगळंच दुखतंय."

खाली शहर दिसत नव्हतं. तपकिरी सायीखाली ते सगळं झाकलं होतं, सायीतून फक्त दोन घुमट आणि मेट्रोचा पूल वर आलेले. मग त्या सायीत एक आवाज सुरू झाला, दुसरा मिळाला, तिसरा. अबुंदिओने कान दिला.

"बावीस नंबरची मिक्रो," तो म्हणाला. "एंजिन ओळखतो मी. तिच्यामागे आपली निघेल."

पूर्वेच्या कडेला ऊन आलं होतं. अजून फक्त डोंगरांच्या शेंड्यांवर होतं. फ्रोसिनाने डोक्यावरची ओढणी सोडली आणि त्याच्या नाकातोंडावर घट्ट बांधली.

"ऊठ," ती म्हणाली. "ऊन इथं पोचायच्या आत घरात जाऊ."